एकानं गाठ धरायची, दुसऱ्यानं वेणी घालायची

पत्र

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते. पट ३४. त्यातली ९ लेकरं दिवाळीच्या आगेमागे आई-वडिलांसोबत ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ५ लेकरं तांड्यावरून येतात, त्यांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. गेल्या ऑगस्टमध्ये मुलांनी दुकानातून फ्रेंडशिप बँड आणले. एका मुलीच्या हातात ११, आणि मागच्या रांगेतल्या दोघांचे हात रिकामे. त्यातल्या एकानं शेवटी वहीच्या शिवणीतला दोरा काढून स्वतःच्याच मनगटाला बांधून घेतला. यंदा ‘मित्रांसोबत मजा’ या विषयावर वर्गात काही करून घ्यायचं मनात आहे. निबंध आणि चित्र नेहमीचंच होतं. तासिका ३५ मिनिटांची, कात्र्या ६, खर्चाला फारसे पैसे नाहीत. काय करता येईल?

एक शिक्षिका, जि. बीड

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातला तो दोरा मनात अडकून राहिला. एका हातानं मनगटावर गाठ बसत नाही, म्हणजे त्या लेकरानं ती दातानं ओढून मारली असणार. मनगटाला काही बांधायचं तर दुसऱ्याचा हात लागतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या गाठीतच आहे.

तिसरीच्या मुलांना मैत्रीवर बोलायला लावलं की ‘मित्रांशी भांडू नये, डबा वाटून खावा’ अशी पाठ झालेली वाक्यं येतात. ‘माझा मित्र’ हा निबंध ज्याला मित्र आहे तो लिहितो. ज्याला नाही तो शेजारच्या वहीतलं उतरवतो. चित्र तर प्रत्येक जण आपल्या वहीवर मान घालून एकटाच काढतो. म्हणून विषय मैत्रीचा असला तरी काम असं निवडायचं, जे एकट्याच्या हातून पुरं होणारच नाही आणि जे करताना हसू येईल. पुढचं सगळं याच कसोटीवर निवडलेलं आहे.

ही कसोटी जुनी आणि पारखलेली आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरातल्या शाळांमध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गावर्गांत तणाव होता. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तिथं एक साधी गोष्ट केली. धड्याचे तुकडे पाडले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. पूर्ण धडा समजून घ्यायचा तर प्रत्येकाचं ऐकावंच लागे. ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्याकडेही आता इतरांना हवं असलेलं काहीतरी होतं. तुमच्या वर्गात धड्याच्या जागी लोकर, माती आणि कागद घेऊ.

आधी जोड्यांचं बघू, कारण बहुतेक उपक्रम इथंच फसतात. ‘आपापला जोडीदार निवडा’ हे वाक्य वर्गात उच्चारायचंच नाही. अर्ध्या मिनिटात घट्ट मैत्रिणी एकमेकींचे हात धरतात आणि शेवटी उरतात ती नेमकी मागच्या रांगेतली दोघं, तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्याऐवजी जोडचिठ्ठ्या करा. रद्दी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचे ३४ तुकडे, त्यावर १७ जोड्या: विटी–दांडू, भाकरी–ठेचा, सुई–दोरा, कुलूप–किल्ली, पाटी–पेन्सिल, जातं–खुंटा, अशा. शब्दासोबत लहानसं चित्रही काढा, म्हणजे वाचनात मागं असलेलं किंवा मराठी अजून चाचपडत बोलणारं लेकरू अडणार नाही.

चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या त्या हजेरी झाल्यावर, जितकी मुलं हजर तितक्याच. ही चूक हमखास होते: ३४ चिठ्ठ्या तशाच वाटल्या जातात, हजर असतात ३१, आणि ‘दांडू’ हातात घेतलेलं लेकरू नसलेल्या ‘विटी’ला शोधत वर्गभर फिरतं. ज्याला एकटं पडू द्यायचं नव्हतं तोच एकटा पडतो. हजेरी विषम असेल तर एक तिहेरी चिठ्ठी तयार ठेवा: मीठ–मिरची–लसूण. आणि चिठ्ठी मिळताच मोठ्यानं वाचून दाखवायची, नाहीतर मुलं हळूच अदलाबदल करून आपापल्या जागी पोचतात.

पहिला आठवडा रोज फक्त ३ मिनिटांचं काम द्या, आणि रोज नवी जोडी. पाठीला पाठ लावून, हात न टेकता जमिनीवरून उठायचं. समोरासमोर उभं राहून एकानं हळूहळू हालचाल करायची, दुसऱ्यानं आरसा व्हायचं. दोघांनाही आवडणाऱ्या तीन गोष्टी शोधायच्या, पण ‘आई’ आणि ‘सुट्टी’ चालणार नाही. एखाद्या खेळाचं नाव तांड्यावरच्या मुलानं गोरमाटीत सांगायचं आणि त्याच्या जोडीदारानं ते सगळ्यांना म्हणून दाखवायचं. तीन मिनिटं कुणीही कुणासोबत काढू शकतं, आणि पाच-सहा दिवसांत प्रत्येकाचं निदान पाच-सहा जणांशी काहीतरी झालेलं असतं.

कधीतरी एखादं मूल म्हणेल, ‘मी याच्याजवळ नाही बसणार.’ मुलगा-मुलगीची लाज असेल तर ती दुसऱ्या दिवशी विरते. पण कधी ते घरून आलेलं जातीचं बोलणं असतं, आणि ते तुम्हाला लगेच कळेल. तेव्हा चिठ्ठी बदलू नका. सगळ्यांसमोर रागावूही नका, कारण मग दुसऱ्या लेकराकडे अख्खा वर्ग वळून बघतो आणि घाव त्यालाच बसतो. ‘चिठ्ठी बदलत नाही, तीन मिनिटांचंच काम आहे,’ एवढं म्हणायचं आणि त्या दोघांजवळ स्वतः जमिनीवर बसायचं. घरच्यांशी बोलणं त्याच आठवड्यात, समोरासमोर. इथं माघार घेतली तर पुढचा एकही उपक्रम खरा राहणार नाही.

याच आठवड्यात एक काम गुपचूप करा. प्रत्येकाला बाजूला बोलावून विचारा, ‘तुला कुणाजवळ बसायला आवडेल? दोन नावं सांग.’ घरी वहीत ३४ ठिपके काढा, एक ठिपका एक मूल, आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे बाण मारा. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आजही तितकीच कामाची आहे. ज्या ठिपक्याकडे एकही बाण येत नाही, ती लेकरं तुमच्या नजरेत ठेवायची. ‘कोण आवडत नाही’ असा उलटा प्रश्न मात्र विचारायचा नाही, आणि ही वही वर्गात न्यायची नाही. लांबच्या कामाला जोड्या नशिबावर सोडू नका, चिठ्ठ्या वाटताना हात थोडा चालवा. बाण न आलेल्या लेकराला वर्गातल्या सगळ्यात लाडक्या मुलाशी जोडावं असं वाटतं, पण ते चुकतं. लाडक्याचं लक्ष त्याच्या टोळक्याकडेच असतं. शांत, हातानं काम करणारं, घाई नसलेलं मूल शोधा.

आता बँड. ऑगस्टचा पहिला रविवार, म्हणजे फ्रेंडशिप डे, येण्याआधीच्या शनिवारी हे घ्या. दप्तर नसलेल्या शनिवारी दोन तासिका सलग मिळतात, तेवढा वेळ लागतोच. आठ दिवस आधी घरी निरोप पाठवा: दुकानातले बँड घरी घाला, शाळेत वर्गात केलेला एकच.

लोकर तीन ठळक रंगांची, प्रत्येकी एक लहान गुंडी. प्रत्येक बँडला तीन धागे, धागा साधारण ३५ सेंटिमीटर. १०२ धागे मोजून कापत बसू नका. लाँगबुक वहीची रुंदी १७ सेंटिमीटरच्या आसपास असते. तिच्या रुंदीभोवती एका रंगाचे ३४ वेढे द्या आणि एका कडेला कात्री चालवा. ३४ सारखे धागे एका फटक्यात हातात येतात. असं तीनदा. एका रंगाची सुमारे १२ मीटर लोकर लागते. गैरहजर मुलांसाठी लोकर उरेलच.

तिन्ही धागे एकत्र धरून टोकापासून ४ सेंटिमीटरवर गाठ मारायची. मग एकानं ती गाठ दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची आणि दुसऱ्यानं वेणी घालायची: उजवीकडचा धागा मधल्यावर, डावीकडचा मधल्यावर. तीन वेगळे रंग घेण्याचं कारण हेच की चुकलेला पेड लगेच दिसतो. १६ ते १८ सेंटिमीटर झालं की खाली गाठ, टोकं बांधायला मोकळी. मग अदलाबदल: धरणाऱ्यानं घालायची, घालणाऱ्यानं धरायची. जो ज्यानं विणला तो त्यानं जोडीदाराच्या मनगटाला बांधायचा. प्रत्येकाच्या हातात एक. ना कमी, ना जास्त.

गाठ धरणारं लेकरू दोन मिनिटांत कंटाळतं, इकडेतिकडे बघतं, हात सैल पडतो आणि वेणी वाकडी होते. म्हणून पेड मोठ्यानं मोजायचं काम धरणाऱ्याकडे द्या. ‘अकरा, बारा, तेरा’ असं मोजणाऱ्याची नजर धाग्यावरच राहते. धरणं हेही कामच आहे, हे तुम्ही एकदा बोलून दाखवा. मुलगे ‘वेणी पोरींचं काम’ म्हणतील. त्यांना विचारा, घरी चऱ्हाट वळताना दुसरं टोक कोण धरतं? वेणी येणाऱ्या मुली अशा दिवशी आपोआप गुरुजी होतात, होऊ द्या. बांधताना मनगट आणि बँड यांच्यामध्ये एक बोट सहज गेलं पाहिजे. नायलॉनचा दोरा आणि पतंगाचा मांजा अजिबात नको. ओढला गेला की कातडी कापते.

यानंतर पोळा. श्रावणातल्या अमावस्येच्या साधारण दहा दिवस आधी सुरुवात करा, कारण पावसाळी हवेत माती वाळायला पाच-सहा दिवस जातात. शाळांत दरवर्षी मातीचे बैल होतात, पण प्रत्येकाचा आपला एक. यंदा प्रत्येक जोडीची एक बैलजोडी करायची, एका जूखाली. एक बैल एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. जू दोघांचं मिळून एकच.

३४ मुलांना, प्रत्येकी मोठ्या पेरूएवढा गोळा धरला तर ६ किलो कोरडी काळी माती आणि २ किलो बारीक वाळू पुरते. माती कुटून रव्याच्या चाळणीनं चाळा, म्हणजे खडे आणि मुळं निघतात. नुसत्या काळ्या मातीचा बैल हमखास तडकतो. ही माती पाण्यानं फुगते आणि वाळताना तितकीच आखडते. आपल्याकडे उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याचं कारण हेच. वाळू मिसळली की आखडणं कमी होतं. त्यात गव्हाचा बारीक भुसा दोन मुठी टाका, तो आतून धरून ठेवतो. पाणी अडीच ते तीन लिटर, पण एकदम नाही; थोडं थोडं घालून रात्रभर ओल्या पोत्याखाली मुरू द्या. सकाळी बोटाएवढी वळी करून वाकवून बघा. तडकली तर पाणी कमी, तळहाताला चिकटली तर जास्त.

सगळ्यांनी एकाच वेळी एकेक पायरी करायची, टाळीवर. नाहीतर एकाचा बैल पुरा होऊन त्याचं वासरू सुरू होतं आणि जोडीदार अजून पोट वळत असतो. पहिली टाळी: वांग्यासारखं अंग. दुसरी: चार पाय, पण वेगळे करून चिकटवायचे नाहीत, अंगातूनच चिमटीनं ओढून काढायचे. निदान अंगठ्याइतके जाड हवेत, बारीक पाय वाळल्यावर मोडतातच. तिसरी: मान, तोंड, वशिंड. चिकटवायचंच झालं तर दोन्ही बाजूंना काडीनं रेघोट्या ओढून पातळ चिखल लावून दाबायचं, नुसतं टेकवलेलं गळून पडतं. शिंगांना खराट्याच्या काडीचे ३ सेंटिमीटरचे तुकडे, माती ओली असतानाच खोचायचे. पोटाखाली काडीनं नाव कोरायचं, तेही आत्ताच. उद्या सगळे बैल सारखेच दिसणार.

आता खरी गंमत. दोन्ही बैल चार बोटांच्या अंतरावर शेजारी उभे करा. वशिंडापुढं, मानेवर दोघांच्या मिळून पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीच्या मधोमध एक गोटी. जो बैल बुटका त्याच्याकडे गोटी पळते. मग दोन्ही डोकी जमिनीला टेकतात, एक डोळा मिटून पट्टीच्या रेषेत बघितलं जातं, आणि वाद सुरू होतो: उंच बैलाचे पाय दाबायचे की बुटक्याच्या खुराखाली माती लावायची? तुम्ही मध्ये पडू नका. उत्तर सांगण्याचा मोह आवरा, पाच मिनिटं लागोत. बैल माझा आहे, पण तो तुझ्या बैलाच्या मापात बसला पाहिजे, हे त्या पाच मिनिटांत कळतं. गोटी तीन आकडे मोजेपर्यंत पट्टीवर थांबली की जोडी जमली. पट्टी काढा आणि जागेची खूण म्हणून मानेवर बोटानं हलकी खाच द्या. खरं जू म्हणजे ज्वारीच्या धाटाचा १२ सेंटिमीटरचा तुकडा, तो वाळल्यावर बसवायचा. धाट तुम्हीच तोडा. त्याच्या सालीची धार ब्लेडसारखी लागते.

वाळवणं सावलीत. पहिला दिवस ओल्या पोत्याखाली, मग उघडे. घाईनं उन्हात ठेवले तर बाहेरची माती आधी आखडते, आतली ओलीच असते आणि पोटाला चीर जाते. चीर गेलीच तर पातळ मातीत भुसा कालवून भरता येते. गेरू, चुना, हळद, कोळशाची पूड, एवढ्यात रंग होतात, पण पुरते वाळल्याशिवाय लावू नका, पोपडे निघतात. चुना कालवणं आणि लावणं तुमच्याच हातानं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी, म्हणजे बैलांचे खांदे चोळणं, झाली की बैलाला सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ हेच आवतन प्रत्येक जोडीनं दुसऱ्या एका जोडीला द्यायचं. कुणी कुणाला द्यायचं हे पुन्हा चिठ्ठीनं. त्या दिवशी पोषण आहाराच्या पंगतीत आवतन दिलेली आणि घेतलेली जोडी शेजारी बसते. खिचडी रोजचीच असते, पंगत मात्र नवी होते.

मैदानात चिखल असेल त्या दिवशी व्हरांड्यात रिंगणांचा खेळ घ्या. संगीत खुर्ची घेऊ नका. तिच्यात सगळ्यात आधी बाद होतं ते बुजरं किंवा मंद चालणारं लेकरू, आणि मग दहा मिनिटं ते कडेला बसून दुसऱ्यांची मजा बघतं. इथं बाद कुणीच होत नाही. ८-९ मुलांचे चार गट. ३० सेंटिमीटर सुतळीला खडू बांधून प्रत्येक गटाला सहा रिंगणं आखा. थाळी वाजतेय तोवर पळायचं, थांबली की सगळ्यांनी रिंगणांत मावायचं. दर वेळी एक रिंगण पुसायचं. ज्या रिंगणातून एखाद्याचा पाय बाहेर गेला ते अख्खं रिंगण एक गुण गमावतं, त्यामुळे ढकलण्याऐवजी एकमेकांना कवेत धरून ठेवावं लागतं. तीन रिंगणांवर थांबा. दोनवर नेलं की चार-पाच जण एकमेकांवर कोसळतात. चपला काढून, कोरड्या फरशीवरच.

आता त्या ९ लेकरांबद्दल, जी दिवाळीच्या सुमाराला निघतील. तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. पाच-सहा महिन्यांनी ती परततात तेव्हा वर्गात नव्या गमती, नवे शब्द, नवी टोळकी तयार झालेली असतात आणि त्यांची जागा भरून गेलेली असते. त्यांच्यापैकी कुणाला हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहता आलं तर फारच चांगलं; तो प्रयत्न तुम्ही करतच असाल. जी जातीलच, त्यांच्यासाठी एक पेटी करा: परतीची पेटी. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, खोक्याला वाळवी लागते. तळाशी कडुलिंबाची वाळलेली पानं.

या पेटीत घालायची ती एकाच कागदाची आठ पानी पुस्तकं. ए-फोर कागद एक, कात्रीचा काप एक, गोंद नाही. ६ कात्र्यांत सहज भागतं. कागद लांबीत अर्धा दुमडून (लांब, अरुंद पट्टी होते) उघडा. मग रुंदीत अर्धा (आखूड कडा एकमेकींवर), आणि त्याच दिशेनं पुन्हा अर्धा दुमडून उघडा. आठ चौकोन दिसतील. आता रुंदीत अर्धा दुमडलेला ठेवा आणि दुमडीच्या बाजूनं, मधल्या आडव्या घडीवरून पुढच्या घडीपर्यंतच कापा, म्हणजे एकच चौकोनभर. उघडलं की कागदाच्या मधोमध फट दिसते. कागद पुन्हा लांबीत दुमडा, दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे ढकला. फट फाकते, वरून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. पानं एका बाजूला वळवली की पुस्तक. हे ढकलणं दोघांनी दोन टोकं धरून केलं तर सरळ बसतं. काप दुमडीऐवजी मोकळ्या बाजूनं गेला की फट मधोमध पडत नाही आणि पुस्तक जमत नाही. म्हणून कापायच्या रेषेवर आधी पेन्सिलीनं ठळक रेघ मारून घ्या आणि दुमडीवर एक ठिपका द्या, कात्री ठिपक्यावरूनच घुसवायची. प्रत्येक पान साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचं होतं. तिसरीच्या अक्षराला तीन ओळी आणि एक चित्र.

मागं राहिलेली २५ मुलं महिन्यातून एकदा जोडीजोडीनं एकेक पुस्तक करतील: ११ जोड्या, एक तिघांचा गट, म्हणजे १२ पुस्तकं. नऊ जणांच्या नावाची नऊ, उरलेली तीन वर्गाच्या कोपऱ्यात टांगायची. विषय त्या महिन्यातल्या एखाद्या गमतीचा आणि नेमका हवा. ‘आम्ही खूप मजा केली’ लिहिलं तर परत द्या आणि विचारा: कुठं, काय, कोण पडलं, कोण हसलं? मार्गशीर्षातली येळवस (वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण) तुमच्या भागात करत असतील तर तो विषय सोडू नका. कोणाच्या शेतात गेलात, आंबील कुणी सांडलं, ज्याला शेत नाही त्याला आवतन कुणी दिलं. एकानं चित्र काढायचं, दुसऱ्यानं लिहायचं, पान उलटलं की बदल.

पण फक्त इथून तिकडे असं ठेवू नका. त्यात दया येते, आणि लेकरांना ती कळते. निघताना त्या नऊ जणांनाही दोन-दोन कोरी पुस्तकं, दोन पेन्सिली, शार्पनर आणि खोडरबर द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, दव आणि पाणी दोन्ही असतं. त्यांच्या पानांचे विषय: इथं भेटलेलं एक नवं लेकरू, इथं शिकलेला एक नवा खेळ, आमच्या अड्ड्याचा (कोप्यांच्या वस्तीचा) नकाशा. तिथंही पोरं पोरं मिळून खेळतातच, आणि तुमच्या वर्गाला ठाऊक नसलेले खेळ त्यांना ठाऊक होतात. महिन्यातून एकदा पालकांच्या किंवा मुकादमाच्या फोनवर वर्गाचा एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, प्रत्येक वेळी वेगळ्या तिघांचा. उसाच्या फडातली माणसं पहाटे उठतात आणि गाडी भरायला रात्र होते, त्यामुळे लगेच उत्तराची वाट बघू नका आणि मुलांनाही तसं सांगून ठेवा.

परतल्या दिवशी पेटी उघडायची ती गोलात बसून. आधी परतलेल्या लेकरांनी आपली पुस्तकं दाखवायची, त्यांचा नवा खेळ वर्गाला शिकवायचा, आणि मगच पेटीतली त्यांच्या नावाची पुस्तकं त्यांच्या हातात द्यायची. एखाद्यानं पुस्तक कोरंच आणलं किंवा हरवलं तर काही विचारू नका, तोंडी एक खेळ सांग म्हणा. सगळे एकाच दिवशी येत नाहीत. चौघं आली म्हणून सगळी पेटी रिकामी करू नका. प्रत्येकाच्या पुस्तकांना वेगळी सुतळी बांधलेली असली म्हणजे ज्याचं त्याला मिळेल.

आणि ऑगस्टमध्ये लोकर कापतानाच तिन्ही रंगांचे नऊ-नऊ जास्तीचे धागे काढून पेटीत ठेवून द्या. पहिले बँड फडात टिकणार नाहीत. गाठ धरायला कोण बसणार, हे त्या दिवशीच्या चिठ्ठ्या सांगतील.